दूधसंस्थानीं जुन्या-नव्या आवृत्त्यांचा सामना

श्री कामधेनु समर्थ. प्रथम गणेशास नमन, मग सरस्वतीस, आणि मग विजेच्या तारेस, जे तिजवांचून आजचे काळीं ना बुद्धि चाले ना लेखणी. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पक्षीं, दोन डोंगरांचे बेचक्यांत एक राज्य होते, त्याचे नांव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब नुसते दूधसंस्थान ऐसे लिहितो. या राज्यास ना तट ना खंदक, ना हत्ती ना उंट. पत्र्याचे छपराखालील एक दूध-संकलन केंद्र, दूध थंड करावयाची एक पोलादी टाकी, आणि दोनशें दहा रयत, जी रोज पहांटे आपापले कॅन घेऊन रांगेस उभी राही, इतकेच राज्य. परंतु राज्य म्हटले म्हणजे दरबार आलाच. गादीवर श्रीमंत भाऊसाहेब कानवडे, संस्थेचे अध्यक्ष, तिसरे वेळेस निवडून आलेले आणि तिन्ही वेळेचे हार अद्याप भिंतीवर टांगून ठेविलेले. त्यांचे उजवे बाजूस सचिव रामभाऊ वर्पे, ज्यांचे मुखीं 'बरोबर आहे साहेब' याखेरीज दुसरे वाक्य कोणी फारसे ऐकिले नाही. आणि या दोघांपासून दूर, खिडकीशीं, कॉम्प्युटरचे खुर्चीवर द्वारकाबाई गुंजाळ, ज्यांची ही हकीकत.

द्वारकाबाईंची चाकरी चवदा वर्षांची. रयतेने कॅन आणावा, बाईंनी दूध काट्यावर ओतवून वजन घ्यावे, वाटीभर फॅटमशीनला लावावे, आंकडा कॉम्प्युटरवर उमटावा, पावती छापून निघावी, आणि मग दूध टाकींत जावे. ऐसा एक कॅन एका पळांत होई. पळ म्हणजे घटकेचा साठावा भाग, आजचे बोलींत चोवीस सेकंद. दोनशें दहा कॅनांस साडेतीन घटका लागत, म्हणजे सहा वाजतां आरंभ केला तर साडेसातास रांग सरे, आणि आठास शहराकडील टँकर भरून निघे, ऐसा क्रम चवदा वर्षे चुकला नव्हता. आतां कॉम्प्युटरचे पोटीं एक मुख्य व्यवस्था असते, जी काटा, फॅटमशीन, पडदा आणि छपाई या सर्वांस हुकूम देऊन एकमेळाने चालविते. जाणते लोक तिजला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि दर कांहीं वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते, जैसे नवे पंचांग निघते. परंतु नवे पंचांग भिंतीवर टांगिले म्हणोन घरचे घड्याळ मंद चालत नाही, आणि येथे चालते, इतकाच भेद. बाईंचे यंत्रावर जुनी आवृत्ती होती. ती सकाळीं जागी होण्यास सात पळे घेई, आणि त्या वेळांत यंत्राचे पोटांतून जातें फिरावे तैसी गुरगुर चाले, आणि बाई तितक्यांत ओटा झाडून, उदबत्ती लावून, चहाचा घोट घेत. मग पडद्यावर हिरवा डोंगर दिसे, आवृत्ती जागी होई आणि एकदां जागी जाली म्हणजे रांग सरेपावेतों मान वळवीत नसे. बाईंस तिचा विशेष लोभ होता ऐसे नव्हे. परंतु सासरीं नांदतां नांदतां जाऊबाईंचे खोकल्याची जैसी संवय होते, तैसी त्या गुरगुरीची जाली होती.

ऐसे असतां भाऊसाहेब शेजारचे राज्यांत लग्नास गेले, आणि तेथील अध्यक्षांनी जेवणानंतर आपले केंद्र दाखविले, आणि तेथे नवी आवृत्ती होती. पडद्यावर निळे तळे, तळ्यांत कमळ, आणि बोट लावितां चौकटी ऐशा सरकत जैशा लोण्यावरून सुरी. भाऊसाहेबांनी वरपांगी वाहवा केली, परंतु अंतःकरणीं तीर लागला, आणि मोटारींत बसतांच सचिवांस बोलिले, "रामभाऊ, आपल्याकडे अजून ती हिरव्या डोंगराची पाटी. लोक काय म्हणतील?" सचिव बोलिले, "बरोबर आहे साहेब." मग दुसरे दिवशीं शहरास निरोप गेला, आणि यंत्रें विकणाऱ्या पेढीचे वकील, म्हणजे प्रतिनिधी, निनाद परुळेकर राज्यांत दाखल जाले. वय चाळिशीचे, कपाळ मोठे, बोलणे मऊ, आणि खांद्यावर एक काळी पिशवी, जींत पेचकसापासून पानसुपारीपर्यंत सर्व सरंजाम. त्यांस चहा जाला, पोहे जाले, आणि मग खलबतास द्वारकाबाईंस बोलाविणे जाले.

भाऊसाहेब बोलिले, "द्वारकावहिनी, नवी आवृत्ती आणायचं ठरतंय. तुमचं काय म्हणणं?" बाई बोलिल्या, "ठरतंय की ठरलंय, भाऊसाहेब?" यावर सचिव खाकरले. मग बाई म्हणाल्या, "माझी ना नाही. पण यंत्र जुनं आहे, दुधाचा प्रोग्रॅमही जुन्या काळचा. त्याच्यावर नवं ओझं पेलेल का, ते आधी बघावं." वकील मऊपणे बोलिले, "मॅडम, नवी आवृत्ती जुनीपेक्षा चपळ आहे, आमच्या माहितीपत्रकात छापलंय." बाई बोलिल्या, "मला ताई म्हणा. आणि छापलेलं मी रोज दोनशे दहा वेळा बघते." भाऊसाहेबांस हे बोलणे मानवले नाही, परंतु त्यांचे मनांत एक कल्पना आली, जी कल्पनेपेक्षां समारंभाचे अंगाने अधिक चांगली होती, आणि त्यांनी आज्ञा केली जे, अक्षय्य तृतीयेचे मुहूर्तावर दोन्ही आवृत्त्यांची परीक्षा सर्व रयतेसमक्ष करावी, आणि जी जिंकेल तिजला राज्य द्यावे.

केंद्रांत बाईंचे यंत्राचा जोडीदार होता, एकाच दिवशीं एकाच खोक्याचे मापाने आणिलेला, जो सचिवांचे टेबलावर चवदा वर्षे फडके पांघरून बसला होता. त्याजवर वकिलांनी दोन दिवस दार लावून नवी आवृत्ती बसविली. मग वैशाख शुद्ध तृतीया, भृगुवासरे, म्हणजे शुक्रवारीं, मांडव पडला, ध्वनिक्षेपक लागला, दोन जुळे भाऊ एका टेबलावर ठेविले, मध्ये नारळ, आणि हातीं घड्याळ घेऊन सचिव. भाऊसाहेबांनी दोन्ही यंत्रांची कळ एकदम दाबिली. नवी आवृत्ती एका पळांत जागी जाली, पडद्यावर तळे उगवले, कमळ उमलले. जुनी गुरगुरत बसली, एक पळ, दोन पळे, तीन, आणि रयतेंत कोणी म्हणाले, "म्हातारीला चहा पाजा," आणि हंशा जाला, आणि सातवे पळीं हिरवा डोंगर दिसूं लागला तोंवर नव्या यंत्रास हार घालून जाला होता. द्वारकाबाई खांबास टेकून उभ्या होत्या. त्यांस अपमान वाटला नाही, परंतु घरचा बैल भर शर्यतींत मागे पडावा आणि शेजाऱ्याने आपलेकडे पाहून हंसावे, तैसे कांहीं वाटले, आणि त्याहून अधिक कोडे पडले, जे त्याच वयाचे जुळे यंत्र, चाळीस वर्षांची बाई सोळा वर्षांची होऊन धांवावी, तैसे कैसे धांवले. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "आणि दूध कधी मोजायचं?" वकिलांनी क्षणभर खाली पाहिले. भाऊसाहेब बोलिले, "ते काय, उद्या मोजूच." मग आज्ञा जाली जे, जुने यंत्र पशुखाद्याचे गोदामांत टाकावे आणि उद्यांपासून नवे चालवावे. गोदामाची किल्ली बाईंचे कंबरेस असे, सबब बाईंनीच आपले यंत्र पेंडीचे पोत्यांवर नेऊन ठेविले, आणि धूळ बसूं नये म्हणोन वर एक गोणपाट घातले.

दुसरे दिवशीं चतुर्थी, मंदवासरे, म्हणजे शनिवारीं, सहा वाजतां रांग लागली. नवी आवृत्ती एका पळांत जागी जाली आणि पहिला कॅन काट्यावर चढला. वजन आले, मग पडद्यावर एक चकती गरगर फिरली, मग फॅटचा आंकडा आला, मग चकती, मग पावती. एका कॅनास तीन पळे लागलीं. बाईंनी मनाशीं मांडले, दोनशें दहांस तीनपट, म्हणजे सवादहा वाजतील. वकील जवळ उभे होते, ते बोलिले, "ताई, नवी आहे, सरावेल." ऐसे सोळा कॅन जाले, आणि सतरावे कॅनाचे दूध काट्यावर असतां तळे, कमळ, सर्व गुप्त जाले, आणि निळ्या पडद्यावर अक्षरें उमटलीं: "आवृत्ती अद्ययावत होत आहे. यंत्र बंद करूं नका. शेकडा एक." बाईंनी वकिलांकडे पाहिले. ते बोलिले, "हे तिचं तीच करते. मध्ये तोडलं तर सगळंच बिघडेल." "किती वेळ?" "सांगता येत नाही." मग रांग थांबली, आणि सूर्य डोंगरावर आला, आणि पत्रा तापूं लागला. फॅटमशीनचा आंकडा कॉम्प्युटरवांचून दिसत नसे, सबब हातानेही काम चालेना. साडेसहास शेकडा तीन. सातास शेकडा सात. टँकर येऊन उभा राहिला आणि त्याचे चालकाने भोंगा वाजविला, आणि रयतेने कॅनांवर ओली फडकीं टाकिलीं, आणि कोणी सचिवांस विचारिले तर सचिवांस उत्तर येईना, कारण ज्यास 'बरोबर आहे साहेब' म्हणावे ते साहेब कालचे समारंभाने दमून अद्याप घरीं निजले होते.

रांगेंत एकशें नव्वदावी ठकूबाई मेंगाळ होती. वर डोंगरावरील वाडींत तिची झोपडी, एक गाय, चार लिटर दूध. दोन कोस उतरून यावे लागे, सबब ती सर्वांआधीं धार काढी आणि बहुतेकांमागून पोंचे, आणि तिचे दूध काट्यावर चढेपावेतों सर्वांत अधिक वेळ ताटकळे. साडेसातास तिने झांकण उघडोन वास घेतला, बोट बुडवून जिभेस लाविले, आणि कॅन उचलून रांगेंतून बाहेर निघाली. लिंबाखाली जाऊन तिने कॅन उपडा केला. रागे भरली नाही, कोणास शिवी दिली नाही, हातपंपावर कॅन विसळला आणि खिडकीवरून जातां जातां बाईंस इतकेच बोलिली, "वासराला तरी पाजलं असतं गं." आणि डोंगराची वाट धरिली.

हे शब्द द्वारकाबाईंचे काळजांत रुतले. पडद्यावर शेकडा अकरा. त्या उठल्या, कंबरेची किल्ली काढिली, आणि गोदामाकडे चालूं लागल्या. सचिव आडवे आले, म्हणाले, "वहिनी, साहेबांचा हुकूम आहे, ते यंत्र काढायचं नाही." बाई बोलिल्या, "मग साहेबांना उठवून आणा, तोवर मी जोडते." सचिवांस दोन्ही गोष्टी अवघड, सबब ते बाजूस जाले. बाईंनी गोणपाट काढिले, यंत्र उचलिले, आणि आश्चर्य हें जे, दुसरे टोक वकील परुळेकरांनी धरिले. मग तारा जोडिल्या, कळ दाबिली, आणि गुरगुर सुरू जाली, आणि तीं सात पळे बाईंस चवदा वर्षांचे चाकरीहून लांब वाटलीं. आठवे पळीं पहिला कॅन. बाईंनी टँकरचे चालकास हात जोडोन नऊपर्यंत थांबविले, आणि मान वर न करितां कॅनामागून कॅन घेतले, आणि नऊला दोन मिनिटें असतां रांग सरली. परंतु तोंवर सव्वीस कॅनांचे दूध नासले होते.

तेव्हां श्रीमंतांची स्वारी आली. सचिवांनी वाटेंतच कानीं घातले होते, आणि ते कैसे घातले हें भाऊसाहेबांचे मुद्रेवरून कळों आले, जे दुधाचा विषय न काढितां त्यांनी प्रथम विचारिले, "वहिनी, गोदामाचं कुलूप कुणाच्या हुकमानं उघडलंत?" बाई बोलिल्या, "दुधाच्या." "दूध हुकूम देतं होय?" "नासायला लागलं की देतं, भाऊसाहेब." रयत उभी होती, ठकूबाई सोडून ओले कॅन घेऊन पंचवीस घरधनी उभे होते, आणि राजास एकांतांत चूक कबूल करितां येते, चारचौघांत येत नाही, ही तो जगाची रीत. भाऊसाहेब बोलिले, "काल सगळ्यांसमोर नवी जिंकली. एका दिवसात ती वाईट झाली? तुम्हाला नवं शिकायचंच नाही, असं दिसतंय." हे बोलणे बाईंस झोंबले, कारण त्यांत तिळभर खरे होते काय, हा संशय त्यांचे मनांतही होता. परंतु त्या म्हणाल्या, "काल तुम्ही फक्त कोण लवकर उठतं ते बघितलं. लवकर उठणारा काम करतोच असं नाही. सोमवारी परत परीक्षा घ्या, दूध ठेवून. मी खोटी ठरले तर खुर्ची सोडते." भाऊसाहेबांनी शब्द धरिला. म्हणाले, "ठीक. सोमवारी." आणि बाई घरीं गेल्या त्या हाच विचार करीत, जे बोलणे सोपे, आणि चवदा वर्षांचे खुर्चीवांचून चुलीपाशीं सकाळ काढणे अवघड.

रविवारीं सकाळचे काम जुन्या यंत्रावरच जाले, त्यास कोणी हुकूम दिला नाही आणि कोणी मना केले नाही. ठकूबाई आली नाही. दोन प्रहरीं केंद्र रिकामे जाले, मग बाई नव्या यंत्रासमोर एकट्याच बसल्या. त्याचे अद्ययावत होणे आदले सायंकाळीं कधीं तरी संपले होते. बाईंनी कळ दाबिली, तळे उगवले, आणि बाईंस एकाएकीं ध्यानीं आले जे, यंत्र मुके आहे. त्यांनी खोक्यावर तळहात ठेविला. थरथर नाही, गुरगुर नाही. जुळ्या भावांत एक घोरतो आणि दुसरा घोरत नाही, हें कैसे? इतक्यांत वकील पिशवी घेऊन आले, त्यांस बाईंनी सरळ विचारिले, "परुळेकर, हिच्या पोटात काय बदललंत?"

वकील पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसले. म्हणाले, "डिस्क, ताई. आवृत्ती जिच्यावर राहते ती डिस्क. जुनी असते ती तबकडीसारखी फिरते, तिचाच तो आवाज. नव्या जातीची फिरत नाही, लगेच देते. नवी आवृत्ती तुमच्या जुन्या डिस्कवर बसवून बघितली, तर उठायला अठरा पळं लागली. पेढीला फोन केला. पेढी म्हणाली, नवी डिस्क घाला आणि बोलू नका." बाई बोलिल्या, "म्हणजे परवा आवृत्ती जिंकलीच नाही. डिस्क जिंकली." वकिलांनी मान हलविली. मग म्हणाले, "आमच्या घरीही गाय होती. त्या आजींनी कॅन उपडा केला, तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही." बाई म्हणाल्या, "मग एक काम करा. जुनी आवृत्ती नव्या डिस्कवर उतरवा, आणि नवी जुन्या डिस्कवर. उद्या सगळ्यांना दोन्ही दाखवू." वकिलांचे पिशवींत आणिक डिस्का होत्या, त्यांनी उतरवून घेण्यास आरंभ केला, आणि त्या कामास सारी दुपार लागली, आणि बाईंनी त्यांस दोनदां ताक दिले.

परंतु काम संपतां संपतां वकील बोलिले, "ताई, उद्या तुम्ही जिंकाल. पण एक गोष्ट खरी आहे, ती माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरात आहे. जुन्या आवृत्तीची राखण ती बनवणाऱ्या कंपनीनं बंद केली. बाहेरून कुणी चोर आत शिरला, तर आता तिचं दार दुरुस्त करायला कुणी येणार नाही. तुमच्या दोनशे दहा जणांची नावं, खाती, सगळं तिच्यात आहे." बाईंनी ताकाचा पेला खाली ठेविला. त्यांनी विचारिले, "हे दरबारात कुणाला माहीत आहे?" "नाही. कुणी विचारलंच नाही. सगळे कमळ बघत होते." मग बाई घरीं गेल्या, आणि त्यांस कळों आले जे, उद्यां जिंकावयाचे असेल तर एक गोष्ट गिळावी लागेल, आणि ती गोष्ट कोणीही विचारणार नाही.

सोमवारीं षष्ठी. रांग लागली, दरबार बसला, या खेपेस मांडव नाही आणि नारळ नाही. पहिला सामना दुधाचा: प्रत्येक आवृत्तीस दहा कॅन. जुनीने दहा पळांत दहा उरकले, नवीस तीस पळे लागलीं, आणि आठवे कॅनाशीं तिने मध्येच विचारिले, "आपणांस आजचे हवामान पाहावयाचे आहे काय?" दुसरा सामना जागे होण्याचा, परंतु डिस्का बदलून. वकिलांनी सर्वांसमक्ष दोन्ही खोकीं उघडिलीं आणि काय केले होते ते आपले मुखें सांगितले. सांगतांना त्यांचे कपाळावर घाम आला, परंतु सांगितले. मग कळा दाबिल्या. जुनी आवृत्ती नव्या डिस्कवर अर्ध्या पळांत जागी जाली, कोणास डोळा मिटावयास फावले नाही. नवी जुन्या डिस्कवर गुरगुरूं लागली. पांच पळे गेलीं, दहा गेलीं. सचिवांनी दरबारास चहा मागविला, चहा आला, प्याला, कप विसळून जाले, आणि अठरावे पळीं तळे दिसूं लागले, त्यांत कमळ मात्र अद्याप नव्हते. रयत पोट धरून हंसली. कोणी म्हणाले, "आता हिला पाजा चहा." भाऊसाहेबांचे मुख उतरले, आणि त्यांनी कष्टाने म्हटले, "वहिनी, तुमचं खरं ठरलं. जुनीच राहू द्या."

येथे हकीकत संपती, तर द्वारकाबाईंची फत्ते जाली ऐसे लिहून लेखणी ठेविता आली असती. परंतु बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, जुनी राहू देऊ नका." बाईंनी राखणीची गोष्ट सांगितली, बारीक अक्षरांसह, आणि शेवटीं म्हणाल्या, "चपळ कोण, ते मी दाखवलं. पण चपळ म्हणजे भरवशाची नव्हे. जुनीच्या दाराला आता पहारेकरी नाही. सगळ्यांची नावं तिच्यात आहेत, माझंही आहे. नवी घ्या, पण नवी डिस्क घालून, आणि यंत्राची मेमरी, म्हणजे काम मांडायची जागा, दुप्पट करून, आणि दुधाचा प्रोग्रॅम तिच्याजोगा करून घेऊन. आणि तिचं ते अद्ययावत व्हायचं, ते दुपारी, टँकर गेल्यावर." रयतेंतून एक म्हणाला, "मग द्वारकाताई, भांडलीस कशाला?" बाई बोलिल्या, "कशाला भांडले ते तरी आज सगळ्यांना कळलं." भाऊसाहेब बाईंकडे पाहत राहिले. त्यांस प्रथम वाटले ही हरली, मग वाटले आपण हरलों, मग कांहींच ठरेना, आणि राजास जेव्हां कांहीं ठरत नाही, तेव्हां तो उदार होतो, तैसे ते जाले आणि बोलिले, "तुम्हाला काय पाहिजे ते मागा." सचिवांनी शाल पुढे केली. बाई म्हणाल्या, "शाल नको. रांग येण्याच्या क्रमानं नको, अंतराच्या क्रमानं लावा. जो लांबून येतो तो पुढं." यास कांहीं खर्च पडत नव्हता, सबब तत्काळ मंजूर जाले.

मग वकिलांनी आठ दिवस राहून सर्व सांगितल्याप्रमाणे केले, आणि पेढीने त्यांस डिस्कचे गुपित फोडिल्याबद्दल दुसरे मुलखांत धाडिले ऐसे ऐकितों. दरबारचे दप्तरीं सचिवांनी लिहिले जे, "मा. अध्यक्षांनी दूरदृष्टीने दोन वेळां परीक्षा घेवविली आणि योग्य आवृत्ती निवडिली," आणि गोदामाचे कुलूपाबद्दल लिहिले जे, "अध्यक्षांचे तोंडी आज्ञेवरून उघडिले." तो कागद सहीस बाईंकडे आला. बाईंनी दोनदां वाचिला, थोडे हंसल्या आणि सही केली, जे त्यांस आज्ञा नको होती, खुर्ची हवी होती, आणि ती बुडाखाली होती.

ठकूबाई तोंवर आली नव्हती, दूध वाडींतच वाटून टाकीत होती. बाई स्वतां एका सायंकाळीं डोंगर चढून गेल्या आणि रांगेचे नव्या क्रमाचा निरोप देऊन आल्या. त्याउपरि वैशाख वद्य पक्षीं एके सकाळीं ती कॅन घेऊन उतरली, तों रांगेने तिला वाट दिली आणि ती थेट खिडकीशीं आली. दूध काट्यावर चढले, आंकडा उमटला, पावती निघाली. ठकूबाईने पावती हातांत धरून पडद्यावरील कमळाकडे कौतुकाने पाहिले आणि विचारिले, "आता लवकर होतं का गं, पोरी?" द्वारकाबाई बोलिल्या, "तितकंच होतं, मावशी. तुम्ही पुढं आलात."

एवंच दूधसंस्थानीं आवृत्त्यांचा सामना दोन खेपेस जाला, सव्वीस कॅन दूध धारातीर्थीं पडले, एक वकील परमुलखीं गेला, नवी डिस्क आली, मेमरी दुप्पट जाली, आणि पूर्वी एक कॅन एका पळांत होत असे तो आतांही एका पळांतच होऊं लागला. राज्याची प्रगति ती हीच. जैसे घडले तैसे लिहिले. अधिक-उणे असेल ते दूध तापवितांना वरचेवर फुंकर घालावी तैसे वाचणाराने सांवरून घ्यावे. लेखनसीमा.